लॉर्डांच्या पुण्यतिथीचं जेवण

अमेरिकेत ट्रॉयला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात अच्युतकाका काळ्यांचा फोन आला. "येत्या शनिवारी दुपारी जेवायला यायचं दोघांनी. पुण्यतिथी आहे." आवाज इतका गंभीर होता की कुणाची, हे विचारायचा मला धीर झाला नाही. माझी बायको मुग्धा फिकट सुती साडी नेसली, मी पांढरा शर्ट घातला आणि बर्फातून गाडी हाकत आम्ही त्यांच्याकडे पोहोचलो. बेसमेंटमध्ये तीसेक माणसं, ओळीनं मांडलेली घडीची टेबलं, आणि समोर चौरंगावर एक तसबीर. तसबिरीत दाट कल्ल्यांचा, ताठ कॉलरचा एक गोरा साहेब. गळ्यात चंदनी हार. पुढ्यात केळीच्या पानावर वरणभात, अळूची भाजी, डाळिंब्यांची उसळ असं साग्रसंगीत पान वाढलेलं, आणि खिरीच्या जागी वाटीत ब्रेड पुडिंग.

मी शेजारच्या शिरीषला हळूच विचारलं, "हे काकांचे कोण?"

"कोणी नाही रे. लॉर्ड मार्सडेल. व्हिक्टोरिया राणीच्या वेळचे इंग्लंडचे मिनिस्टर. काका कित्येक वर्षं त्यांचं चरित्र लिहितायत." शिरीष आमच्या मंडळाचा अध्यक्ष, त्याला हे सगळं सवयीचं होतं. "तू जेव यार. पुडिंग एक नंबर असतं."

मी जेवलो. दोनदा पुडिंग घेतलं. पुढची बारा वर्षं फेब्रुवारीतला तो शनिवार आम्ही कधी चुकवला नाही.

काका मोटार कंपनीतून निवृत्त झालेले धातुशास्त्रज्ञ. उंच, सडपातळ, आणि वाण्याकडे कोथिंबीर आणायला जातानासुद्धा वेस्टकोट घालणारे. खोलीत कुणीही आलं की ते उभे राहायचे. मग तो नळ दुरुस्त करणारा असो की आमची तीन वर्षांची ईशा. "सभ्य माणसाचं हे लक्षण नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते हॉर्न वाजवणाऱ्याला लागू व्हायचं, मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम करणाऱ्याला, आणि मंडळाच्या कार्यक्रमाला "ऑन द वे आहोत" असा मेसेज टाकून घरातून निघणाऱ्या आम्हा सगळ्यांना. आम्ही त्यांना पाठीमागे लॉर्डकाका म्हणायचो. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

लॉर्ड त्यांच्या आयुष्यात आले त्याचीही गोष्ट होती. चाळिशीत असताना कंपनीनं त्यांना एका भागाच्या चाचणीवर सही करायला सांगितलं. पोलाद थंडीत ठिसूळ होतंय हे काकांना दिसत होतं. त्यांनी सही केली नाही. त्यांची बढती गेली, टीम गेली, आणि खिडकी नसलेल्या एका खोलीत त्यांना वर्षभर बसवून ठेवलं. त्याच दिवसांत गावच्या लायब्ररीनं मोडीत काढलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना लॉर्ड मार्सडेल सापडले. "पान उघडलं ते राजीनाम्याचंच," काका सांगायचे. "उभ्याउभ्या वाचलं. डोळ्यांना पाणी आलं हो माझ्या."

लॉर्डांचं आयुष्य आम्हाला तोंडपाठ झालं होतं. अर्लचा, म्हणजे तिकडच्या एका बड्या सरदाराचा, धाकटा मुलगा, त्यामुळे वतन मिळणार नाही. थोरला भाऊ शिकारीत घोड्यावरून पडून गेला, आणि हा बोलताना अडखळणारा पोरगा अचानक शेकडो एकरांचा धनी झाला. पार्लमेंटमधलं पहिलं भाषण मध्येच सोडून खाली बसला. मग जिद्दीनं इस्टेटीतल्या ओकच्या झाडांपुढे भाषणं करून तयार झाला आणि पस्तिशीत मंत्रिमंडळात गेला. पुढे पंतप्रधानांनी त्याला एका ठरावाच्या बाजूनं उभं राहायला सांगितलं. त्या ठरावाच्या विरुद्ध त्यानं आपल्या कुळांना शब्द दिला होता. लॉर्डांनी त्या संध्याकाळी राजीनामा दिला, कचेरीतलं टेबल स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि आगगाडीनं घरी गेले. इथे काका स्वतःचा रुमाल काढून जेवणाचं टेबल पुसून दाखवायचे. "खुर्ची सोडताना माणसानं टेबल पुसून जावं." सहा वर्षांनी लॉर्डांना सन्मानानं परत बोलावलं, हिंदुस्थानचा कारभार सोपवला, आणि म्हातारपणी संधिवातानं जखडून ते गेले. हिंदुस्थानचा कारभार या भागाशी आलं की काकांची गाडी जरा वेगानं पुढे जायची. आमचंही लक्ष तोवर पुडिंगकडे गेलेलं असायचं.

काकांचे वडील सांगलीकडच्या एका लहानशा संस्थानात कारकून होते. राजेसाहेब आले की कसं उभं राहायचं, हे काकांना अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलेलं. खानदानी माणूस म्हणजे शब्दाचा पक्का माणूस, ही त्यांची समजूत तिथली. अमेरिकेत चार दशकं काढूनही ती तसूभर हलली नव्हती.

सुमनकाकू भूल देणाऱ्या डॉक्टर. "मी आजारी माणसांना झोपवते, हे धडधाकट माणसांना झोपवतात," असं त्या काकांच्या भाषणांबद्दल म्हणायच्या. काकांचं सगळं हस्तलिखित त्यांनीच टाइप केलं. पुण्यतिथीचा स्वयंपाकही त्यांचाच. फ्रोझन अळू, फ्रोझन वाल, पण हाताला चव अशी की ते कळायचं नाही. तसबिरीपुढचं पान त्याच वाढायच्या, कारण काका आधुनिक वगैरे असले तरी पान घरच्या बाईनंच वाढायचं असतं हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पंगत बसली की कुणीतरी म्हणायचं, "काकू, बसा ना आता." त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी मागून बसते."

मुग्धा एकदा आवराआवरीला थांबली होती. घरी येताना गाडीत म्हणाली, "काकू आज काहीच जेवल्या नाहीत. शेवटी भाकरी गरम केली आणि दुधात कुस्करून खाल्ली. म्हणाल्या, पोटाला सोसत नाही." मी म्हटलं, वय झालं आता. एवढ्यावर आमची चौकशी संपली. बारा वर्षं एक बाई आपण रांधलेलं अन्न खात नाही आणि आम्हा चाळीस सुशिक्षितांपैकी एकालाही त्याचं काही वाटत नाही. आज लिहितानासुद्धा मला याची लाज वाटते.

काका ऐंशीचे झाले त्या वर्षी आम्ही मंडळींनी त्यांचं पुस्तक पुण्याहून छापून आणलं. प्रकाशन अर्थातच पुण्यतिथीला, बेसमेंटमध्ये. बाहेर हे एवढं बर्फ, गॅरेजच्या दारात बुटांचा ढीग, आणि आत काका नव्या सुटात. शिरीषनं भाषण केलं. काकांना शाल, काकूंना शाल, नारळ, ओटी. "पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिलेल्या" वगैरे जे बोलायचं ते बोलून झालं. मग पंगत बसली. तेवढ्यात कुणाला तरी सुचलं की ऐंशीवं वर्ष आहे, काकांनी काकूंना घास भरवायलाच पाहिजे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "काकू, आज मागून-बिगून काही नाही. इथेच बसायचं." पोरांनी फोन वर केले. दोघांना चौरंगाजवळ शेजारी शेजारी बसवलं. काकांनी लाजत लाजत पुडिंगचा चमचा भरला आणि काकूंच्या तोंडाजवळ नेला.

काकूंनी तोंड बाजूला फिरवलं.

सगळे हसले. आपल्याकडे बायका तसं करतातच. काकांनी चमचा पुन्हा पुढे केला. तेव्हा काकू हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाल्या, "नको. या माणसाच्या नावाचं मी खात नाही."

काका म्हणाले, "सुमन, काय झालं?"

"काही झालं नाही. कधीच खाल्लेलं नाही मी." मग त्या आमच्याकडे वळल्या. आवाज तोच, पेशंटला सुई टोचण्याआधी बोलत असतील तसा. "माझ्या आजीची आई माढ्याकडची. दख्खनचा मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरकारी कामावर खडी फोडायला होती. सहा-सात वर्षांची. बरोबर तिची आई आणि पाठचा भाऊ. दिवसभर खडी फोडली की थोडं धान्य मिळायचं. जास्त दिलं तर लोक आळशी होतील, आहे त्यातून आणखी कमी करा, असं तिकडून यांनी कळवलं." त्यांनी तसबिरीकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "पाऊस पडला तेव्हा ती एकटी उरली होती. आजी आम्हाला हे जेवताना कधी सांगायची नाही. जेवण झाल्यावर सांगायची."

"तू हे कधी बोलली नाहीस," काका म्हणाले. चमचा अजून त्यांच्या हातातच होता.

"टाइप करताना विचारलं होतं, अहो. राजीनाम्याला चाळीस पानं आणि याला एकच ओळ, असं कसं? तुम्ही म्हणालात, तो विषय वेगळा आहे."

काकू उठून वर गेल्या. आम्ही चाळीस माणसं भरल्या पानांवर बसून राहिलो. उठावं तर अन्न टाकून उठायचं, आणि जे ऐकलं त्यानंतर ते कुणाच्यानं झालं नसतं. म्हणून आम्ही खाली माना घालून ते सगळं संपवलं. काका तेवढा वेळ उभे होते. खोलीत कुणी आलं नव्हतं, तरी उभे होते.

चार दिवसांनी त्यांनी मला अ‍ॅन आर्बरला विद्यापीठाच्या लायब्ररीत न्यायला सांगितलं. पार्लमेंटमधल्या भाषणांचे जाडजूड खंड तिथे होते. हवा तो खंड आणि हवं ते पान त्यांना लगेच सापडलं. शोधावं लागलं नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि त्यांच्याही लक्षात आलं की माझ्या लक्षात आलंय. त्यांनी ते भाषण मला मराठीत सांगितलं, ओळीओळीनं. फुकट खाऊ घालणं म्हणजे माणसाचा स्वाभिमान काढून घेणं. धान्याच्या बाजारात सरकारनं हात घालू नये, धान्य बाहेर नेणारी जहाजं थांबवू नयेत. मजुरी आहे त्याहून कमी करणं हीच खरी दया. मधूनमधून ते थांबायचे, चष्मा पुसायचे.

परत येताना गाडीत म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जेवायची वेळ झाली होती. पुस्तक मिटलं, खाली जाऊन सँडविच खाल्लं. कसलं सँडविच होतं तेसुद्धा आठवतंय मला."

"काका, तुमचा हेतू काही वाईट नव्हता," मी म्हटलं.

"मला सांभाळून घेऊ नकोस. मी विसरलो नव्हतो, मी गाळलं. राजीनामा देणारा आणि हे बोलणारा माणूस एकच आहे रे. दोन्ही वेळा तसाच ताठ, दोन्ही वेळा शब्दाचा पक्का. मला त्यातला अर्धाच हवा होता, तो मी घेतला." थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "आणि पान तिला वाढायला लावलं."

त्यानंतर काकांनी फोन करायला घेतले. ज्यांना ज्यांना त्यांनी त्या शनिवारी जेवायला बोलावलं होतं, त्या सगळ्यांना. त्यातली काही मंडळी केव्हाच टेक्सासला नाहीतर न्यू जर्सीला निघून गेली होती. नंबर मिळवून त्यांनाही. प्रत्येकाला एकच सांगायचं, "मी तुम्हाला भलत्या माणसाच्या नावाचं जेवायला घातलं, आणि तो कोण हे मला माहीत होतं. मी तुमची माफी मागतो." लोक ओशाळायचे. "अहो काका, काय हे, सोडून द्या." "दीडशे वर्षं झाली त्याला." एक तरुण मुलगा म्हणाला, "काका, चिल करा हो. फूड मस्त होतं." कुणी रागावलं नाही, कुणी साधं "असं करायला नको होतं" म्हटलं नाही. प्रत्येक फोननंतर काका जास्तच खचत गेले. मला म्हणाले, "सगळे इतके भले आहेत की मला लाज कुठे ठेवावी ते कळत नाही."

पुस्तकाची खोकी गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या मशीनशेजारी पडून राहिली. गाळलेलं प्रकरण लिहायला ते रोज बसत. एक दिवस विचारलं तर म्हणाले, "पहिलं वाक्यच येत नाही. इतकी वर्षं त्याच्या बाजूनं लिहीत आलो, हाताला तेच वळण पडलंय."

काकूंची त्यांनी माफी मागितली की नाही, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? मुग्धाला काकू एकदा एवढंच म्हणाल्या, "ते सॉरी म्हणतात गं रोज. मला सॉरी नकोय. मला एकदा तरी त्या टेबलावर बसून जेवायचं होतं त्यांच्याबरोबर." दोघं घरात अगदी नीट वागत होती. चहा, औषधं, फिरायला जाणं, सगळं सुरळीत. पण काका आता बोलताना मध्येच थांबायचे, आणि ते ठेवणीतलं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. शिरीष एका मीटिंगला तासभर उशिरा आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी सवयीनं काकांकडे बघितलं. काका उभे राहिले आणि त्याला खुर्ची पुढे केली.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा फोन आला. "शनिवारी जेवायला यायचं." पुण्यतिथी हा शब्द नव्हता. निम्मी माणसं संकोचून आलीच नाहीत. आम्ही गेलो. चौरंग तोच होता, त्यावर तसबीर नव्हती. पुढ्यात पान होतं आणि पानावर ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, चटणी, कांदा. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण, काकूंच्या माहेरचं. सगळं काकांनी केलं होतं. उभ्या जन्मात त्यांनी चहाखेरीज काही केलं नव्हतं. भाकऱ्या कडेला करपल्या होत्या, काहींचे तुकडे झाले होते, आणि वेस्टकोटवर पीठ सांडलेलं होतं. भाषण झालं नाही. पान वाढून झाल्यावर काकांनी काकूंना विचारलं, "तुझ्या आजीच्या आईचं नाव काय होतं?"

काकू म्हणाल्या, "ठाऊक नाही. आजी नुसतं आई म्हणायची."

काकांनी मान हलवली. मग त्या चौरंगावरच्या रिकाम्या जागेला वाकून नमस्कार केला. वाकताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला, आणि शिरीष उठायला लागला तसा हातानंच त्याला बसायला सांगितलं.

काकू पहिल्या रांगेत बसल्या. भाकरी मोडली, माडग्यात बुडवली आणि खाल्ली. आम्ही सगळे बघतोय हे त्यांना कळत होतं, पण त्यांनी वर पाहिलं नाही. काका हातात टोपली घेऊन भाकरी वाढत होते. काकूंजवळ आले तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा आता तुम्हीही."

"मी मागून बसतो," काका म्हणाले.

काकूंनी घास घेता घेता त्यांच्याकडे पाहिलं. काका पुढच्या पानाकडे गेले. आम्ही निघालो तेव्हा ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून एक करपलेली भाकरी खात होते. मला पाहून त्यांनी ताटली खाली ठेवली आणि अंग ताठ करून हात जोडले.

एप्रिलमध्ये काका गेले. सकाळी फिरून आले, बूट काढायला खाली बसले आणि उठलेच नाहीत. बेसमेंट पुन्हा भरलं, पुन्हा शिरीष बोलला, आणि लॉर्डांचं नाव मात्र कुणी काढलं नाही. सगळं आटोपल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, मी आणि मुग्धा काकूंना भेटायला गेलो. त्या स्वयंपाकघरात होत्या. चहा टाकला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही जेवलात ना, काकांना खूप बरं वाटलं असणार."

काकूंनी चहात दूध घातलं. पाठमोऱ्याच होत्या.

"मी त्यांना 'बसा' एकदाच म्हणाले," त्या म्हणाल्या. "आपल्यात एकदा म्हटल्यावर बसतं का कुणी? मी दुसऱ्यांदा म्हणेन म्हणून वाट बघत होते ते. टोपली घेऊन जरा थांबलेसुद्धा होते. मला दिसलं होतं."

चहा उतू गेला. मुग्धानं उठून गॅस बंद केला.